क्रिम्प काढूनही प्रायमर अडतोय? आधी पुंगळ्यांची बुडं वाचा

रेंजवर ओळख झालेल्या एका तरुण मराठी मित्राने परवा फोटो पाठवला. टेबलावर काडतुसांच्या पाच रिकाम्या पितळी पुंगळ्या, बूड वर करून उभ्या. दोघींत प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, नीट बसलेला, एकीत तिरका घुसलेला, एकीत कडेने चेपून चंद्रकोरीसारखा झालेला आणि पाचवीत अर्ध्यावर अडकलेला. खाली एकच ओळ: "दादा, क्रिम्प काढला होता, तरी परत तेच." (क्रिम्प म्हणजे प्रायमर सुटू नये म्हणून त्याच्यावर वळवलेला पितळेचा काठ.)

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा कोणीतरी विचारतं, आणि काही वर्षांपूर्वी तो माझाच होता. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मी ओहायोत राहतो, सर्व्हिस रायफलच्या स्पर्धांना जातो आणि वर्षभर लागणारी .२२३ ची काडतुसं घराच्या बेसमेंटमध्ये स्वतः भरतो. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरणं हा जुना आणि कायदेशीर छंद आहे. भारतात तसं नाही. तिथे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे फक्त माहिती म्हणून वाचावं.

दारू किती भरायची, गोळी कोणती घ्यायची, यातलं काहीही या लेखात नाही. त्यासाठी छापील लोडिंग मॅन्युअल आहेत, आणि तिथे दिलेले आकडे तिथूनच घ्यायचे. इथे विषय फक्त पुंगळीच्या बुडातल्या त्या छोट्या खळग्याचा, म्हणजे प्रायमर पॉकेटचा.

मिसुरी राज्यात इंडिपेन्डन्सला लेक सिटीचा दारूगोळा कारखाना आहे. तो १९४१ साली उभा राहिला, आणि सैन्याच्या रायफलींना लागणारी काडतुसं आजही तिथेच मोठ्या प्रमाणावर तयार होतात. रेंजवर उचललेल्या किंवा पोत्याने विकत घेतलेल्या ५.५६ च्या (.२२३ चं सैनिकी रूप) पुंगळ्यांत सर्वांत जास्त भरणा याच कारखान्याच्या मालाचा असतो. बूड उजेडात धरा. 'एलसी' ही दोन अक्षरं, सालाचे शेवटचे दोन आकडे आणि बहुतेकदा वर्तुळातली अधिकची खूण, म्हणजे नाटोचा शिक्का, एवढं दिसेल. मधे वापरलेला प्रायमर. आता त्या प्रायमरच्या अगदी कडेला बघा. तिथे एक बारीक गोल चर दिसते, जणू नळीचं टोक ठोकून उमटवलेली. त्या ठोक्याने पॉकेटच्या काठाचं पितळ आत, प्रायमरवर वळलेलं असतं. हाच क्रिम्प. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या .३०-०६ पुंगळ्यांत पूर्ण चर नसून तीन-चार जागी छिन्नीने टोचल्यासारखे ठसेही सापडतात. त्याला स्टेक क्रिम्प म्हणतात. काम एकच, पण स्टेक क्रिम्प काढताना काठ सगळीकडे सारखा होत नाही, म्हणून त्या पुंगळ्यांना वेळ जास्त द्यावा लागतो.

सैन्याला हे हवं असण्याचं कारण सरळ आहे. बार उडाला की दाब प्रायमरलाही मागे ढकलतो. मशीनगनमध्ये किंवा स्वयंचलित रायफलमध्ये एखादा प्रायमर सैल होऊन बाहेर पडला आणि ट्रिगरच्या यंत्रणेत शिरला, तर शस्त्र ऐन वेळी बंद पडतं. म्हणून काठ वळवून त्याला कोंडून ठेवतात. कारखान्यात आधी प्रायमर बसतो आणि मग काठ वळतो. आपण मात्र वळलेल्या काठातून नवा प्रायमर आत घालायला बघतो. छोट्या रायफल प्रायमरचा व्यास जवळपास ०.१७५ इंच, म्हणजे सुमारे ४.४५ मिलिमीटर असतो. पॉकेट त्याहून केसभर लहान ठेवलेलं असतं, कारण प्रायमर नुसत्या घर्षणाच्या पकडीवर राहतो. एवढ्या नेमक्या मापात काठाचं पितळ जरा जरी आत आलं तरी प्रायमर अडणारच.

आता निदान. आमच्याकडे रेंजवर प्रायमर अडला की सगळे 'क्रिम्प, क्रिम्प' म्हणतात, पण दरवेळी क्रिम्पच असतो असं नाही.

सर्वांत आधी टॉर्च घ्या आणि पुंगळीच्या तोंडातून आत बघा. तळाला मधोमध एक भोक दिसलं तर ती बॉक्सर पद्धतीची पुंगळी, ती भरता येते. दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन पद्धतीची. तिच्यात मधे भोक नसतं, उलट प्रायमरची ऐरण पुंगळीतच घडवलेली असते. अशी पुंगळी जुना प्रायमर पिनेने ढकलून काढणाऱ्या डिकॅपिंग डायमध्ये गेली की पिन वाकते किंवा तुटते, आणि माणूस समजतो की क्रिम्प फार घट्ट होता. गंमत वाटावी असा इतिहास आहे: बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन हा अमेरिकी, पण आज अमेरिकेत बॉक्सरची पद्धत चालते आणि युरोपच्या बऱ्याच सैनिकी मालात बर्डनची. बर्डन पुंगळ्या थेट भंगारात टाका.

दुसरं कारण प्रायमरचं माप. .२२३ मध्ये हा घोळ सहसा होत नाही, पण .३०८ आणि ६.५ क्रीडमूर या दोन्ही कॅलिबरच्या पुंगळ्या बाजारात मोठ्या आणि छोट्या अशा दोन्ही पॉकेटच्या मिळतात. मोठा रायफल प्रायमर साधारण ०.२१० इंचाचा असतो. तो छोट्या पॉकेटवर ठेवून प्रायमिंगच्या हत्याराची दांडी दाबली तर तो चेपेल किंवा फुटेल. ढिगात एखादीच अशी पुंगळी असली तरी पुरते.

तिसरं कारण काजळी. जुन्या प्रायमरची राख पॉकेटच्या तळाला थर धरून बसते. तिने प्रायमर तोंडाशी अडत नाही, तो आत जातो पण पूर्ण तळाला टेकत नाही आणि बुडाच्या वर उचललेला राहतो. म्हणजे दांडीला अडथळा सुरुवातीला लागतो की शेवटी, याकडे लक्ष द्या. सुरुवातीलाच, तोंडावरच अडलं तर क्रिम्प. सुरळीत आत जाऊन शेवटी अडलं तर काजळी किंवा पॉकेटची खोली. एवढा एक फरक बोटांनी ओळखता आला तर निम्मं निदान झालं.

चौथं कारण थोडं विचित्र आहे, पण मी स्वतः तीनदा पाहिलंय. डिकॅप करताना पिन प्रायमरच्या टोपीचा मधला भाग फोडून बाहेर काढते आणि टोपीची कड गोल कड्यासारखी पॉकेटमध्येच राहते. पितळेत पितळ मिसळून जातं, नुसत्या नजरेला दिसत नाही. अशा पॉकेटमध्ये दुसरा प्रायमर जाणारच नाही. शंका आली तर दात कोरायच्या काडीने किंवा बारीक टोच्याने पॉकेटची भिंत खालून वर खरवडून बघा. मधेच पायरी लागली तर ते कडं आहे.

या चारही गोष्टी नसतील आणि बुडावर चर दिसत असेल, तर क्रिम्पच.

क्रिम्प काढायच्या दोन तऱ्हा आहेत. एक पितळ कापायची, दुसरी पितळ सारायची. कापायची तऱ्हा म्हणजे रीमर. लायमन, हॉर्नाडी, आरसीबीएस, सगळ्यांचे छोटे हातातले रीमर मिळतात, किमतीला हलके. दोन-तीन वेढे दिले की काठावर चमकती उतरण दिसते आणि काम होतं. पन्नास-शंभर पुंगळ्या असतील तर हा मार्ग अगदी ठीक आहे. पुंगळीच्या तोंडाची आतली कड मारायचं जे शंकूसारखं हत्यार आपल्याकडे असतंच, त्यानेही क्रिम्प निघतो, फक्त हात फार हलका हवा.

सारायची तऱ्हा म्हणजे स्वेज करणं. यात घोटीव पोलादी दट्ट्या पॉकेटच्या तोंडात शिरतो आणि आत वळलेलं पितळ परत बाहेर दाबतो. काही कापलं जात नाही, कीस पडत नाही, काठ गोलसर होतो आणि प्रायमरला आत शिरायला सोपी वाट मिळते. बेंचवर बसवायचा डिलनचा सुपर स्वेज ६०० आणि लोडिंग प्रेसवर बसणारा आरसीबीएसचा संच, ही यातली नेहमी दिसणारी दोन नावं. माझं मत विचाराल तर पाचशेच्या वर पुंगळ्या असतील तर स्वेजच करा. ड्रिल मशीनला रीमर लावून झपाझप पुंगळ्या उरकणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. ते का, हे खाली सांगतो.

आता मित्राच्या मूळ प्रश्नाकडे येतो. क्रिम्प काढला होता. स्वेजर चांगला, नवा. मग दर सात-आठ पुंगळ्यांमागे एक प्रायमर का अडतोय?

माझ्याकडे हेच झालं तेव्हा मी आधी प्रायमरला दोष दिला आणि दुसऱ्या कंपनीचे आणले. अडायचे ते अडलेच. मग प्रायमिंगच्या हत्याराला दोष दिला, तेही बदललं. मग वाटलं की आपण दांडी पूर्ण दाबत नसू, म्हणून इतक्या जोराने दाबायला लागलो की संध्याकाळी मनगट दुखायचं. तरी दर डब्यात काही पुंगळ्या अडायच्याच. शेवटी एका रविवारी बसलो आणि अडलेल्या पुंगळ्या फेकून द्यायच्या ऐवजी वेगळ्या काढून ठेवल्या. दोनशे पुंगळ्यांत सव्वीस अडल्या. त्या परातीत पसरून भिंगातून एकेकीचं बूड वाचलं. सव्वीसपैकी चोवीस एकाच शिक्क्याच्या, म्हणजे एकाच कारखान्याच्या निघाल्या! आणि त्या शिक्क्याच्या पुंगळ्या अख्ख्या ढिगात होत्याच जेमतेम तीस.

कारण शोधायला एक लेक सिटीची आणि एक त्या दुसऱ्या शिक्क्याची, अशा दोन पुंगळ्या मी लोखंडी करवतीने उभ्या चिरल्या. चिरलेल्या बाजू शेजारी ठेवल्या आणि सगळा उलगडा झाला. प्रायमर पॉकेटचा तळ आणि पुंगळीच्या आतला तळ यांच्या मधे पितळेची जी भिंत असते, तिला वेब म्हणतात. एकीत ती भिंत जाड होती, दुसरीत नुसत्या डोळ्यांना कळेल इतकी पातळ.

स्वेजर कसा चालतो ते आठवा. पुंगळी एका दांड्यावर चढवतात. तो दांडा तोंडातून आत जाऊन तळाला आधार देतो. समोरून दट्ट्या पॉकेटमध्ये शिरतो. दट्ट्या दरवेळी ठरलेल्या जागेपर्यंतच येतो, आणि आधाराचा दांडाही आपण फिरवून पक्का केलेल्या जागीच राहतो. म्हणजे दोघांतलं अंतर कायम. त्या अंतरात जाड वेबची पुंगळी घट्ट बसते आणि दट्ट्या काठ नीट सारतो. पातळ वेबची पुंगळी तेवढीच मागे सरकते, दट्ट्या काठाला जेमतेम शिवतो आणि क्रिम्प अर्धा तसाच राहतो. वरून बघितलं तर काठ चमकतो, म्हणून आपण समजतो की काम झालं. झालेलं नसतं. आणि यंत्र जर पातळ वेबवर लावलेलं असेल तर उलटं होतं. जाड वेबची पुंगळी आली की दांडी दाबायला जीव काढावा लागतो, दट्ट्या गरजेपेक्षा खोल जातो, पुंगळी त्याच्यावर अडकून बसते आणि पॉकेटचं तोंड फाकतं.

तेव्हा दोष प्रायमरचा नव्हता, यंत्राचा नव्हता, हाताच्या जोराचाही नव्हता. दोष मिसळलेल्या ढिगाचा होता. स्वेजर एकाच जाडीसाठी लावता येतो, आणि आपण त्यात दहा कारखान्यांचा माल ओततो. मित्राला मी एवढंच उत्तर दिलं: "फोटोतल्या अडलेल्या तीन पुंगळ्यांची बुडं वाचून सांग." दहा मिनिटांनी उत्तर आलं. तिन्हींवर एकच शिक्का, आणि बसलेल्या दोन्ही लेक सिटीच्या.

म्हणून माझा आताचा क्रम असा आहे. रेंजवरून आणलेल्या पुंगळ्या आधी धुऊन सुकवतो. मग परातीत घेऊन तांदूळ निवडावेत तशा निवडतो, बूड वर, चांगल्या दिव्याखाली. लेक सिटी एका डब्यात. ज्या शिक्क्याच्या पन्नासाहून जास्त निघतात त्यांना स्वतंत्र डबा. बाकी सुट्या-सुट्या एका डब्यात, आणि त्यांना स्वेजर लावायचाच नाही, हातातल्या रीमरने करायच्या. रीमर वरून काम करतो, त्याला वेबच्या जाडीशी देणंघेणं नसतं. लेक सिटीमध्येही मी साल वेगळी करत नाही, माझ्या कामाला तेवढा फरक पडलेला नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो, नाहीतर राहून जाईल. ही परात पूर्वी स्वयंपाकघरातली होती, आता ती कायमची बेसमेंटमध्ये आहे. प्रायमरच्या राखेत शिसं असतं. पुंगळ्या निवडताना, झटकताना ते बोटांना लागतं. हातमोजे घाला, तिथे चहा-खाणं नको, वर आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय लहान मुलाला उचलू नका. पुंगळ्या कोरड्या घुसळल्या तर धूळ उडते, म्हणून मी पाण्यात स्टीलच्या पिना घालून घुसळतो. त्यातली एखादी पिन फ्लॅश होलमध्ये, म्हणजे तळाच्या मधल्या भोकात, अडकून बसते आणि पुढे डिकॅपिंग पिनवर येते, तेव्हा तीही नजरेत ठेवायची.

डिकॅपिंगबद्दलही दोन शब्द. क्रिम्प केलेला जुना प्रायमर निघताना चांगलाच विरोध करतो. पुंगळीचा आकार बसवणाऱ्या डायमधली पिन बारीक आणि महाग, ती अशा कामाला वापरू नका. फक्त प्रायमर काढणारा युनिव्हर्सल डाय वेगळा मिळतो, स्वस्त असतो आणि त्याची पिन जाड असते. झटका न देता सावकाश दाब वाढवत न्या, टक् असा आवाज येऊन प्रायमर सुटतो.

आता स्वेजर लावायची रीत. हे इथे घाईत उरकलं की पुढे सगळं बिघडतं. ज्या शिक्क्याचा डबा घेतलाय त्यातल्याच पाच स्वच्छ पुंगळ्या घ्या. आधाराचा दांडा भरपूर मागे घ्या. पुंगळी चढवा, दांडी पूर्ण पुढे आणा. काहीच लागलं नाही तर ठीक, सुरुवात अशीच हवी. आता आधाराचा दांडा थोडा-थोडा पुढे फिरवत दरवेळी दांडी आणून बघा. एका जागी हाताला पहिल्यांदा काहीतरी लागतं, लोण्यात सुरी जावी तसं मऊ. तिथून अगदी किंचित पुढे जायचं, एका वेळी पाव वेढ्याहून कमी. दांडी शेवटच्या टप्प्यात ठाम पण एका हाताने सहज दाबता आली पाहिजे. दोन्ही हात लावावे लागले तर जास्त झालं, मागे या. मग चेकनट घट्ट करा आणि पाचही पुंगळ्या काढून बघा.

चांगला स्वेज केलेला काठ कसा दिसतो? वाटीचा काठ जसा आत गोलाईने उतरतो तसा. चराची बाहेरची खूण तशीच राहते. ती जायला हवी असं समजून लोक पुढे-पुढे स्वेज करत राहतात; तसं करायचं नाही. नख आडवं फिरवलं तर आतल्या कडेला कुठेही धार लागता कामा नये. मग तीन पुंगळ्यांत प्रायमर बसवून बघा. हातात धरायचं प्रायमिंगचं हत्यार मला यासाठीच आवडतं, प्रेसच्या लांब दांड्यावर अडथळा कळत नाही आणि कळतो तोवर प्रायमर चेपलेला असतो. प्रायमर सुरुवातीला सरळ शिरून मग सर्वत्र सारख्या घट्टपणाने आत गेला पाहिजे.

पुढे डबा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा येतो, मान्य आहे. पण पाच पुंगळ्यांत होणारं काम आहे.

गो-नोगो गेज घ्या असं मी आग्रहाने सांगेन. एका टोकाची सळई पॉकेटमध्ये गेलीच पाहिजे, दुसऱ्या टोकाची जाताच कामा नये. छोट्या रायफल पॉकेटचं अमेरिकी मानकाचं माप ०.१७३० ते ०.१७४५ इंच आहे, म्हणजे सगळा खेळ दीड हजारांश इंचात. व्हर्नियरने हे माप घ्यायचा प्रयत्न करू नका. इतक्या छोट्या भोकात व्हर्नियरचे जबडे नीट बसत नाहीत आणि येणारा आकडा फसवतो. गेज प्रत्येक पुंगळीला लावतो मी. टीव्हीवर सामना बघता-बघता होतं हे.

ड्रिलला लावलेल्या रीमरची गोष्ट सांगायची राहिली. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. हजारभर पुंगळ्या एका दिवसात झाल्या, प्रायमर लोण्यासारखे बसायला लागले आणि मला वाटलं की युक्ती सापडली. त्या उन्हाळ्यात एका स्पर्धेत ३०० यार्डांवरचा रॅपिड फायरचा टप्पा होता, ७० सेकंदांत दहा गोळ्या. सहाव्या गोळीनंतर ट्रिगर दाबला तर तो हललाच नाही. वेळ संपला, उरलेल्या चारही गोळ्या गेल्या. रायफल उघडली तर ट्रिगरखाली एक प्रायमर. रीमरने काठासोबत पॉकेटची भिंतही खाल्ली होती आणि प्रायमरला पकडच उरली नव्हती. सैन्य ज्या कारणासाठी क्रिम्प करतं, तेच संकट मी क्रिम्प काढताना स्वतःच्या हाताने तयार केलं होतं. पुंगळीला मागून कोंडणाऱ्या बोल्टच्या तोंडावर, प्रायमरच्या कडेने गॅस सुटल्याची बारीक खड्ड्यांची गोल नक्षीही उमटली होती, ती अजून आहे. अख्खा हजाराचा ढीग भंगारात गेला.

म्हणून रीमर हाताने फिरवा, काठावर उतरण दिसली की थांबा. पॉकेटच्या भिंतीवर ताजं चमकतं पितळ दिसायला लागलं तर तुम्ही खोल गेलात. अशी पुंगळी गेजला लावा, नोगो आत गेला तर ती गेली.

अडलेल्या प्रायमरचं काय करायचं, हे मला सर्वांत जास्त काळजीने लिहायचंय. प्रायमर जिवंत असतो. दाबाने, चेमटण्याने, ठोक्याने तो उडण्यासाठीच बनवलेला असतो. प्रायमिंग करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, साध्या नंबरच्या चष्म्यावर भागवू नका. आणि हत्याराच्या ट्रेमध्ये बरेच प्रायमर एकत्र असतात, एक उडाला तर शेजारचेही उडू शकतात. अडथळा लागला की हात तिथेच सोडायचा. 'अजून थोडं दाबून बघू' हे कधीच नाही. अर्धवट बसलेला प्रायमर हातोडीने, पंचने ठोकायचा नाही. दारू न भरलेली ती पुंगळी चष्मा घालून, चेहरा बाजूला ठेवून, युनिव्हर्सल डायमधून अगदी सावकाश दाब देत रिकामी करायची. निघालेला प्रायमर परत वापरायचा नाही. तिरका घुसलेला, फार चेपलेला असेल तर मी तेवढेही करत नाही, पुंगळीसकट वेगळा ठेवतो. तेलात बुडवला की प्रायमर मरतो असं बरेच जण सांगतात. त्याच्यावर विसंबू नका, तेलातून काढलेलाही जिवंतच समजा. अशा गोष्टी घरच्या कचऱ्यात टाकू नका, तुमच्या रेंजच्या माणसांना विचारा, ते घेऊन नष्ट करतात का ते.

प्रायमर बसला म्हणजे संपलं असंही नाही. तो बुडाच्या पातळीच्या किंचित खाली हवा, तीन ते पाच हजारांश इंच. काचेच्या तुकड्यावर पुंगळी उभी करा. डुगडुगली तर प्रायमर वर उचललेला आहे. बोटाचं पेर फिरवूनही कळतं, सवयीने. एआर-१५ किंवा गॅरंड या रायफलींमध्ये फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट धाडकन बंद होताना ती पुढे येऊन प्रायमरला हलकं टोचते. न झाडलेलं काडतूस चेंबरमधून काढून बघा, प्रायमरवर बारीक टिंब दिसेल. प्रायमर वर उचललेला असेल तर ट्रिगरला हात न लावता, कधी बोल्ट पुरता बंद व्हायच्या आधीच, बार उडू शकतो. अर्धवट राहिलेल्या क्रिम्पचं खरं भय हेच आहे, चेपलेले चार प्रायमर वाया गेले तर फार काही बिघडत नाही. अशा रायफलींसाठी मी सीसीआयचे ४१ नंबरचे प्रायमर वापरतो, ते सैनिकी मानकाचे आहेत.

मोठ्या कॅलिबरवाल्यांसाठी एक जोड. ७.६२ च्या लेक सिटी पुंगळ्यांनाही रिंग (गोल चराचा) क्रिम्प असतो आणि वरचं सगळं तिथेही लागू आहे, फक्त दट्ट्या आणि आधाराचा दांडा मोठ्या मापाचा लावायचा. पण त्यातल्या पुष्कळ मशीनगनमधून उडालेल्या असतात, मशीनगनच्या मोकळ्या चेंबरमध्ये ताणलेल्या. त्यांचा क्रिम्प काढत बसण्यापूर्वी वाकवलेली तार आत घालून बुडाजवळची भिंत चाचपा. तिथे खळगा लागला तर पुंगळी तिथून फाटणार आहे, तिच्यावर एक मिनिटही घालवू नका. ९ मिलिमीटरच्या नाटो शिक्क्याच्या पुंगळ्यांनाही क्रिम्प असतो. रायफलची सवय असलेले लोक पिस्तुलाच्या पुंगळीत तो बघायचं विसरतात.

आणि क्रिम्प एकदाच काढायचा असतो. काढलेल्या पुंगळ्यांचे डबे मी वेगळे ठेवतो आणि बुडावर मार्करने एक रेघ ओढतो. धुताना रेघ जाते, पण डबा तोच राहतो. पाच-सहा वेळा भरल्यावर पॉकेट आपोआप सैल होत जातं. तेव्हा प्रायमर बोटाने ढकलावा इतका सहज आत जाऊ लागतो किंवा गेजचं नोगो टोक शिरतं. अशी पुंगळी मी पकडीने तोंड चेपूनच भंगाराच्या डब्यात टाकतो, म्हणजे ती पुढच्या धुलाईत चुकूनही परत चांगल्या ढिगात मिसळत नाही.